डँडेलियनसारखं दिसणारं पिवळं रानफूल: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की माझ्या फोनवर पिवळ्या फुलांचे फोटो येऊ लागतात. कुणाच्या अंगणातलं, कुणाच्या उसाच्या बांधावरचं, कुणी रंकाळ्यावर सकाळी फिरताना टिपलेलं. श्रावण-भाद्रपदात फोटो येतात ते पन्हाळ्याच्या बाजूचे. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फोटो पाठवलाय. हे डँडेलियनच आहे ना?

बहुतेक नाही. कोल्हापूर शहरात, करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या भागात जमिनीलगत पानं आणि वर पिवळं, भरगच्च पाकळ्यांचं छोटं फूल दिसलं, तर सगळ्यांत आधी पाथरी समजायची. शास्त्रीय नाव लॉनिया प्रोकम्बेन्स. खरं डँडेलियन म्हणजे टॅरॅक्सॅकम ऑफिसिनाले. त्याला थंड हवा लागते. भारतात ते मुख्यतः हिमालयात दिसतं.

परदेशी चित्रपटांत आणि मुलांच्या पुस्तकांत डँडेलियन इतक्या वेळा दिसतं की आपल्या दारातल्या फुलालाही आपण तेच नाव देतो. पण आपल्या फुलाला आपलं नाव आहे, आणि ते आपल्या आज्यांना पाठ होतं.

२. मग दोन्ही इतकी सारखी कशी दिसतात?

दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि त्या कुळातही एकाच गटातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलात मधली तबकडी वेगळी आणि कडेच्या पाकळ्या वेगळ्या असतात. पाथरी आणि डँडेलियनमध्ये तबकडी नसतेच. मधोमधपासून कडेपर्यंत सगळ्या पट्ट्याच, आणि प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र फूल.

एक पट्टी चिमटीत धरून अलगद उपटा आणि उजेडात धरा. टोकाला पाच बारीक दाते दिसतील. पट्टीच्या खालच्या टोकाला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, त्याच्याखाली इवलं कच्चं बी. लहान मुलाला हे एकदा दाखवून बघा, पुढचा अर्धा तास ते दुसरं काही करत नाही. भिंग असेल तर फारच उत्तम.

या गटाची आणखी एक खूण म्हणजे पांढरा चीक. पण नुसत्या चिकावर भरवसा ठेवू नका, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. पाथरी नक्की ओळखायची कशी?

मला पाथरी पुस्तकातून कळली नाही. कागलकडच्या एका खोडव्याच्या रानात भांगलण चालली होती, तिथे एका मावशींनी शिकवली. सरीच्या कडेला बसून त्यांनी खुरप्यानं एक रोप मुळासकट उचललं, माती झटकली, एक पान माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "कडंनं अंगठा फिरीव." पानाच्या कडेला बारीक, पांढरट, ताठर दाते होते. टोचत नव्हते, पण करवतीच्या पात्यासारखे जाणवत होते. मग देठ मोडून दाखवला. पांढरं दूध आलं. "दूध पांढरं पायजे अन् कडंला करवत पायजे. पिवळा चीक आला की टाकून द्याचं." एवढं बोलून त्यांनी पाथरी ओट्यात टाकली आणि सरीनं पुढं सरकल्या. तो 'पिवळा चीक' का महत्त्वाचा, ते प्रश्न ८ मध्ये वाचा.

त्यांच्या दोन खुणांत माझ्या तीन घालते. पानं जमिनीलगत, फुलीसारखी चहूबाजूंनी पसरलेली असतात, कडा खोल कातरलेल्या. फुलाचा दांडा मधून निघतो, पण पुढे त्याला फांद्या फुटतात आणि एका रोपावर बरीच फुलं येतात. आणि फूल उलटं करून पाहा. मागची हिरवी आवरणं एकावर एक चढलेली असतात, बाहेरची आखूड, आतली लांब, आणि त्यांच्या कडांना पांढरट पातळ झालर असते. ही झालर समोरून काढलेल्या फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच विनंती करते, फूल उलटं करून फोटो पाठवा.

फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा लहानच असतं. उसाचे बांध, पाटाच्या कडा, मैदानं, फरशीच्या फटी, कुठेही येतं.

४. खरं डँडेलियन समोर आलं तर फरक कसा कळेल?

दांड्यावरून. डँडेलियनचा दांडा आतून पोकळ, त्याला ना पान ना फांदी, आणि टोकाला एकच फूल. सगळी पानं जमिनीलगत. फूल पाथरीपेक्षा बरंच मोठं, आणि मागची बाहेरची आवरणं खाली वळलेली. दांड्याला एक जरी फांदी दिसली तरी ते डँडेलियन नाही, हा नियम कोल्हापुरात काय, मनालीतही चालतो.

५. आमच्या अंगणात एका लांब दांड्यावर एकच पिवळं फूल येतं. मग ते तर डँडेलियनच झालं की!

ही एकदांडी. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली, आता आपल्याकडे जिथं तिथं. दांड्याची अट ती पूर्ण करते, त्यामुळे प्रश्न ४ वाचून हमखास घोटाळा होतो.

फूल जवळून बघा. मध्ये पिवळी गोल तबकडी आहे आणि तिच्याभोवती चार-पाचच रुंद, फिकट पिवळ्या किंवा सायीच्या रंगाच्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. तबकडी दिसली की पाथरीचा गट बाद. दांडा केसाळ आणि भरीव असतो. पान खरखरीत, मोडलं तर चीक येत नाही. खरचटलं की हाच पाला चुरडून लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण जखम खोल असेल तर पाल्यावर भागवू नका, दवाखान्यात जा.

नावाचा आणखी एक गोंधळ. पाथरीच्या आणि एकदांडीच्या, दोन्हींच्या शास्त्रीय नावात 'प्रोकम्बेन्स' आहे. त्याचा अर्थ एवढाच की झाड जमिनीवर आडवं पसरतं. तेवढाच शब्द घेऊन शोधलंत तर भलतंच हाती लागेल.

६. फूल तसंच आहे, पण झाड कमरेएवढं उंच आणि पानं काटेरी आहेत. हे काय?

हा सोंकस. काही जण याला म्हातारा म्हणतात, काही जण मोठी पाथरी. पुराचा गाळ बसलेल्या पंचगंगेकाठच्या मळीत, नाल्याच्या कडेला, बांधकामाच्या मातीवर हा थंडीत जोरात येतो. खोड जाड, पोकळ आणि सरळ उभं. पानं खोडाला मिठी मारून बसलेली. पांढरा चीक भरपूर.

आपल्याकडे याच्या दोन जाती जवळजवळ उगवतात. त्या ओळखायच्या तर पान खोडाला जिथं बिलगतं तिथं बघा. पानाच्या बुडाचे दोन कान टोकदार असतील तर सोंकस ओलेरेसियस. कान गोलसर, कानशिलासारखे वळलेले आणि पान चांगलंच टोचणारं असेल तर सोंकस ॲस्पर. वरच्या पानांवर ही खूण नीट दिसते. मी स्वतः एकदा घाईत नुसत्या फुलाच्या फोटोवरून सोंकसला पाथरी सांगून बसले होते. समोरच्या बाईंनी दोन दिवसांनी अख्ख्या झाडाचा फोटो पाठवला तेव्हा चूक कळली. त्या दिवसापासून नुसत्या फुलावरून मी उत्तर देत नाही.

७. भाद्रपदात मसाई पठार सगळं पिवळं होतं. ती पाथरीच का?

नाही. ती सोनकी. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार जांभ्या दगडाचं आहे. वर मातीचा थर अगदी पातळ. पावसात तिथं पाणी साचतं, उघडीप मिळाली की झपाट्यानं सुकतं. एवढ्या थोड्या दिवसांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. त्यामुळे पावसाळा सरता सरता सगळं एकदम फुलतं.

सोनकीच्या फुलात मध्ये तबकडी आणि भोवती सुट्या, गर्द पिवळ्या पाकळ्या असतात, म्हणजे धाकट्या सूर्यफुलाचीच घडण. खोड उभं, पानं खोडावर, कडा दातेरी, चीक नाही. जुन्या पुस्तकांत नाव सेनेसिओ ग्रॅहॅमी सापडेल, आताचं नाव सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस. झाड एकच आहे.

त्याच पठारावर दुसरं एक पिवळं फूल दिसतं, मिकी माऊसच्या तोंडासारखं. तो कवला, वाटाण्याच्या कुळातला. आणि पठाराच्या खाली डोंगरउतारावर नीट ओळीत किंवा चौकोनी तुकड्यात पिवळं दिसलं तर ते रानफूल नव्हे, कुणीतरी कष्टानं पेरलेला कारळा आहे. फोटोसाठी त्यात शिरू नका.

८. पाथरी समजून चुकून विषारी काही तोडलं जाण्याची भीती आहे का?

आहे, आणि हा प्रश्न पुरेसे लोक विचारत नाहीत. पिवळा धोत्रा, म्हणजे आर्जेमोनी मेक्सिकाना, फुलावर आला की कुणी फसत नाही. चार ते सहा मोठ्या, पातळ, कागदासारख्या पाकळ्या असतात, डँडेलियनशी काही संबंध नाही. धोका असतो तो फूल येण्याआधी. तेव्हा त्याचीही पानं जमिनीलगत पसरलेली, खोल कातरलेली आणि काटेरी असतात. घाईत काटेरी सोंकस किंवा पाथरी वाटू शकतात.

फरक दोन. धोत्र्याच्या पानावर शिरांच्या कडेनं निळसर-पांढरे पट्टे असतात. आणि पान मोडलं की पिवळा चीक येतो. भांगलणीतल्या मावशी म्हणाल्या ते हेच. याचं बी मोहरीसारखं दिसतं. ते मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं की अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीनं माणसं दगावली आहेत. म्हणून पिवळा चीक दिसला की हातातलं सगळं टाकून द्या, हात धुवा, आणि तोडलेल्या भाजीतही ते पान गेलेलं नाही ना ते बघा.

९. पांढरा चीक आला म्हणजे पाथरी नक्की, असं समजू का?

नको. रुईला पांढरा चीक येतो, नायटीला येतो, शेराला येतो, आणि यातलं काहीही खाण्याचं नाही. विशेषतः नायटी, जिला काही जण दुधी म्हणतात, ती पाथरीच्या शेजारीच फरशीच्या फटीत उगवते. तिची पानं समोरासमोर जोडीनं येतात, कातरलेली नसतात, आणि फुलं पिवळी नसून हिरवट-लालसर गुंत्यासारखी असतात. चीक ही खूण शेवटी तपासायची, आधी पान आणि फूल.

१०. सकाळी फूल होतं, दुपारी फोटो काढायला गेलो तर गायब! कुणी तोडलं?

कुणी नाही. ऊन चढलं की पाथरी आणि सोंकस मिटतात. मिटलेलं फूल कळीसारखं दिसतं. सकाळी आठ-नऊच्या सुमारास जा.

११. फूल गेल्यावर पांढरा कापसाचा गोळा झाला. म्हणजे आता तरी डँडेलियन म्हणायचं ना?

गोळा या गटात बहुतेकांचा होतो. लहानपणी आपण जी म्हातारी पकडायचो ती बहुतेक वेळा रुईची असायची. ही तिच्याहून नाजूक, बोट लावलं की विस्कटणारी.

फरक बारीक आहे पण पक्का आहे. डँडेलियनच्या बियेवर लांब, बारीक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला केसांची छत्री. पाथरी आणि सोंकसमध्ये ही दांडी नसते, केस थेट बियेच्या डोक्यावर बसलेले असतात. एक बी काळ्या कापडावर ठेवून बघा, लगेच कळतं. एकदांडीचेही केस असतात, पण भुरकट आणि राठ. तिचा गोळा असा मऊ पांढरा होत नाही.

१२. पाथरीची भाजी खातात का? कशी?

खातात, आणि कितीतरी पिढ्यांपासून. कोवळी पानं, फूल येण्याआधीची. धुऊन तशीच भाकरी-पिठल्याबरोबर किंवा झुणक्याबरोबर कच्ची खातात, नाहीतर लसूण-मिरचीची फोडणी देऊन मूगडाळ घालून परततात. चव थोडी कडवट. फूल आल्यावर पानं जास्त कडू होतात आणि चिवटही.

माझी काळजी कडूपणाची नाही, जागेची आहे. आपला जिल्हा उसाचा. लावणीनंतर अनेक रानांत रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डीसारखी तणनाशकं मारतात. अशा रानातली पाथरी पिळवटल्यासारखी, वेडीवाकडी वळलेली दिसते. तसं एक जरी रोप दिसलं तर त्या बांधावरचं काहीच तोडू नका. आणि पिळवटलेलं दिसत नाही म्हणून फवारणी झालीच नाही असंही नाही, रानवाल्याला विचारा. रस्त्याच्या कडेची आणि सांडपाण्याच्या नाल्यावरची पाथरी कितीही टवटवीत असली तरी नको.

गाजर गवतानं अंगाला खाज येते, पुरळ उठतं अशा माणसांनी जपून राहावं. गाजर गवत याच कुळातलं आहे, आणि एकाची ॲलर्जी असली की कुळातल्या दुसऱ्या झाडांनीही त्रास होऊ शकतो.

१३. डँडेलियनच्या मुळाचा चहा मिळतो. त्याऐवजी पाथरीचं मूळ उकळून घेतलं तर?

घेऊ नका. एक गट, सारखं फूल, म्हणून गुण सारखे असं होत नाही. घरात मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डँडेलियनचा चहासुद्धा डॉक्टरांना विचारूनच. जुन्या ग्रंथांतलं 'गोजिव्हा' हे नाव पाथरीलाही लावतात आणि दुसऱ्या वनस्पतींनाही, त्यामुळे नुसत्या नावावरून औषध करणं धोक्याचं आहे.

१४. ॲपनं डँडेलियन सांगितलं आणि तुम्ही पाथरी म्हणता. खरं कुणाचं?

ॲपला तुम्ही जेवढं दाखवता तेवढंच ते बघतं. वरून काढलेल्या पिवळ्या फुलाच्या एका फोटोवर माणूसही फसतो, मी फसले आहे (प्रश्न ६). चार फोटो काढा: अख्खं झाड जमिनीसकट, फुलाची मागची बाजू, जमिनीलगतचं एक पान, आणि पान खोडाला जिथं जोडलंय ती जागा. शेजारी एक नाणं ठेवा. गाव, महिना आणि जागा कशी आहे ते लिहा, बांध, पठार, नदीकाठ. एवढं दिलंत तर ॲपचं उत्तरही सुधारतं आणि आमचं कामही सोपं होतं.

१५. ओळखण्यासाठी उपटून आणू का?

अंगणातली पाथरी आणा, काही बिघडत नाही. तण म्हणून ती रोजच निघते. पण राधानगरी अभयारण्यातून काहीही आणू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातली वनस्पती तोडायला मनाई आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं त्यात राधानगरीही आहे. पठारावरही तोडू नका. तिथं एका मोसमाचं बी गेलं म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल गेलं. गुडघे टेकून फोटो काढा, फूल बोटानं हलकेच वळवलं की मागची बाजू दिसते.

१६. बागेत गालिच्यासारखं पसरलंय, चकचकीत पान, पिवळं फूल. पाथरी का?

ही वेडेलिया. शोभेसाठी लावतात. पान तीन भागांत विभागल्यासारखं, फुलात तबकडी, चीक नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ओढ्याकाठी एकदा शिरली की दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाही, त्यामुळे छाटलेल्या फांद्या नाल्यात टाकू नका. तुकड्यातून पुन्हा फुटते.

१७. पानं हुबेहूब सोंकससारखी, पण फूल जांभळट-गुलाबी. पिवळ्याचा रंग बदलला का?

रंग बदलला नाही, झाडच वेगळं आहे. ही सदामंडी, एमिलिया सोंचिफोलिया. नावाचाच अर्थ 'सोंकससारख्या पानांची'. पान खोडाला बिलगतं, म्हणून फसगत होते. चीक येत नाही आणि फुलं बारीक कुंचल्यासारखी असतात.

१८. मालवणला समुद्राच्या वाळूत आणि उटीला हिरवळीवर असंच फूल पाहिलं. तीही पाथरीच का?

वाळूतली पाथरीची बहीण, लॉनिया सरमेंटोसा. ती स्ट्रॉबेरीसारखे धुमारे सोडते, धुमारा वाळूत टेकला की तिथं नवी फुली उभी राहते. आपल्या पाथरीला असे धुमारे नसतात. वाळू धरून ठेवणारं झाड आहे, ओढून काढू नका.

उटीची गोष्ट वेगळी. तिथं हायपोकेरिस नावाचं, बाहेरून येऊन स्थिरावलेलं फूल हिरवळीवर मुबलक आहे, आणि दिसायला ते पाथरीपेक्षा डँडेलियनच्या जास्त जवळ. फूल मोठं, पानं सगळी खाली. पण दांडा तारेसारखा चिवट, बहुतेक वेळा फांद्या फुटलेला, आणि पान केसाळ. उटीचा फोटो पाठवाल तेव्हा दांडा मोडून त्याच्या आतल्या बाजूचाही एक फोटो पाठवा.